शमीमचं वाक्य

आमच्या आणि जुलेखा खालाच्या घरांमध्ये एकच भिंत होती आणि तीही अर्धी. एका पावसाळ्यात तिचा वरचा भाग पडला, तो पुन्हा कुणी बांधला नाही. दोन्ही घरच्या बायकांना ते सोयीचंच पडलं. मिठाची वाटी, विस्तवाचा निखारा, रडणारं पोर, सगळं त्या भिंतीवरून इकडचं तिकडे व्हायचं. कापूस वेचायचे दिवस आले की माय, म्हणजे माझी आई, पहाटे त्या भिंतीशी उभी राहून विचारायची, "जुलेखाबाई, झाल्या का भाकरी?" पलीकडचा थपथप आवाज थांबायचा आणि उत्तर यायचं, "हाव, दोनच राह्यल्या." माय परातीत भाकरी थापायची, खाला दोन्ही हातांवर. अंथरुणात पडल्या पडल्या मी आवाजावरून सांगू शकायचे की आत्ता कुणाची भाकर चालली आहे. आज माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या करायला बाई येते, आणि सकाळी मला कुकरच्या शिट्टीशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही.

आमचं गाव वरवट बकालपासून थोडं आत, सातपुड्याच्या बाजूला. या दोन घरांची वेचणीची सावड होती. सावड म्हणजे आज आम्ही सगळ्या तुमच्या वावरात कापूस वेचायला, उद्या तुम्ही सगळ्या आमच्या वावरात. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. दिवसाला दिवस. मी लहान असताना सावडीत पाच घरं होती. दिवाळीआधी पाची बाया आमच्या ओट्यावर बसून कुणाचं वावर कधी ते ठरवायच्या. बोलाचाली व्हायची, रुसवे व्हायचे, पण एका गोष्टीवर कधी वाद झाला नाही. जिच्या घरी राबणारा बाप्या नाही, तिचं वावर आधी. खालाचा नवरा महेबूब चाचा लकवा मारून बाजेवर पडला, त्या वर्षापासून पहिलं वावर खालाचं. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. चाचा बाजेवर आहे एवढं सगळ्यांना दिसत होतं, तेवढं पुरे होतं.

मग बीटी कपाशी आली. बियाण्याच्या पाकिटासाठी बाबा दोन दिवस दुकानापुढे रांगेत उभे राहिले आणि ते पाकीट घरी आणून देवापुढे ठेवलं. आधीचा कापूस दमानं फुटायचा. दिवाळीला थोडा, संक्रांतीला थोडा, होळीपर्यंत पराटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, काही ना काही पांढरं असायचंच, त्यामुळे पाच जणींची सावड निवांत फिरायची. बीटीचं तसं नव्हतं. एकदा फुटायला लागली की आठ-पंधरा दिवसांत सगळं शिवार एकदम पांढरं. बघायला फार छान दिसायचं. पण सगळ्यांचीच वावरं एकदम पांढरी, मग कोण कुणाच्या वावरात जाणार? पहिल्या वर्षी कासाबाईनं परगावच्या मजुरणी लावल्या आणि सावडीत यायचं बंद केलं. दुसऱ्या वर्षी आणखी दोघी गेल्या. भांडण असं झालं नाही, नुसत्या पहाटेच्या हाका कमी होत गेल्या. मला त्याचं तेव्हा काहीच वाटलं नाही. बोंडाच्या काटेरी टोकांनी नखांच्या कडा फाटायच्या, आणि माझं लक्ष तिकडेच असायचं. शेवटी सावडीत आमची दोनच घरं उरली. माय आणि मी, खाला आणि शमीम.

शमीम खालाची मुलगी, माझ्याच वर्गात. आम्ही दोघी बारावीला होतो आणि वरवटला एकाच सायकलवर जायचो. जाताना मी चालवायचे, येताना ती, कारण जाताना उतार होता आणि मी कामचुकार होते. इंग्रजीत माझे मार्क जास्त पडायचे, पण उच्चार तिचे चांगले. तिला नर्स व्हायचं होतं. बापाला कुशीवर वळवणं, पाठीला तेल लावणं, जखम धुणं हे ती दोन वर्षं करतच होती. "हेच शिकून केलं तं पगार मिळते," असं ती म्हणायची. पण दिवाळीनंतर तिचे मोठे चुलते बुऱ्हाणपूरहून स्थळ घेऊन आले होते. मुलाच्या घरी कापडाचे माग होते, माणसं बरी होती. खालानं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "कापूस घरात येऊ द्या, मग सांगतो." या उत्तराचा अर्थ आम्हा दोघींना पक्का माहीत होता. कापूस चांगला घरात आला तर शमीम खामगावला नर्सिंगला जाणार, नाही आला तर बुऱ्हाणपूरला.

त्याच दिवसांत इंग्रजीच्या इंगळे सरांनी फळ्यावर एक शब्द लिहिला, को-ऑपरेशन. जिल्ह्याच्या इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेचा तो विषय होता. सरांनी जाड डिक्शनरीतून अर्थ वाचून दाखवला, सहकार, आणि मागच्या बाकावरचे पोट्टे हसले, कारण आमच्याकडे सहकार म्हटलं की कुलूप लागलेली सूतगिरणी डोळ्यांपुढे यायची. सर चिडले नाहीत. एकाच कामासाठी दोघांनी मिळून राबणं, असं त्यांनी समजावलं. मग तो शब्द वाक्यात कसा वापरायचा ते सांगितलं. ज्या माणसाबरोबर काम करायचं त्याच्या आधी 'विथ' घालायचं, आणि जे काम करायचं त्याच्या आधी 'इन'. "माणूस आधी येतो, काम नंतर," सर म्हणाले, "एवढं लक्षात ठेवलं की चूक होत नाही." शमीम माझ्या कानाशी पुटपुटली, "याले तं आपण सावड म्हणतो वं. यवढ्यासाठी काय इंग्रजी पायजे?"

स्पर्धेसाठी सरांनी माझं नाव दिलं. पाठ्यपुस्तकातल्या मुंग्या, मधमाश्या आणि एकीचे फायदे जुळवून मी दोन पानं लिहिली आणि वावरात वेचता वेचता मोठ्यानं म्हणायला लागले. माय आणि खाला पुढच्या तासात, म्हणजे पराटीच्या ओळीत, आम्ही दोघी मागे. कमरेच्या फडक्यात कापूस, तोंडात इंग्रजी. खालाला एक अक्षर कळत नव्हतं, पण मी अडखळले की ती मागे वळून बघायची. शमीमनं दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मुंग्या काऊन सांगून राह्यली वंदे? मुंग्या त्यायनं पाह्यल्या आहेत. आपली सावड सांग ना. थे त्यायले माहीत नसन."

मग आम्ही दोघींनी बांधावर बसून ते भाषण पुन्हा लिहिलं. भाकर, लसणाची चटणी आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात, तेलकट बोटांनी. पाच बायांचा ओटा, अर्धी भिंत, ज्या घरी बाप्या नाही त्याचं वावर आधी, हे सगळं इंग्रजीत कसं म्हणायचं यावर आम्ही डोकं फोडलं. शेवट काही केल्या जमेना. शेंग सोलता सोलता शमीम म्हणाली, "टुडे युवर फील्ड, टुमारो माइन." मी तिच्याकडे बघतच राहिले. त्यात क्रियापद नव्हतं, सरांच्या व्याकरणात ते बसत नव्हतं, पण दोन पानांत त्याच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं. पुढे मी एम.ए. केलं, बी.एड. केलं, पण इतकं चांगलं वाक्य मला लिहिता आलेलं नाही.

आता माझी चूक सांगते. स्पर्धा शुक्रवारी होती, बुलडाण्याला. रीतीप्रमाणे आधी खालाचं वावर वेचायचं होतं, मग आमचं. म्हणजे शुक्रवारी आमचं वावर मधेच अर्धं राहिलं असतं, आणि बाबांनी तर सांगूनच टाकलं, "आपला कापूस पराटीवर उभा ठिवून मायलेकी बुलडाण्याले जाता का? काई गरज नाई." एकटीनं जायचा प्रश्नच नव्हता, माय बरोबर हवी. मी एक दिवस रुसून काढला आणि मग मला ती युक्ती सुचली. आमचं वावर आधी वेचून घेतलं, कापूस घरात आला, की बाबांना नाही म्हणायला जागाच उरणार नाही. मायला मी हे सांगितलं नाही, कारण ती ऐकणार नाही हे मला माहीत होतं. मी थेट भिंतीपाशी गेले.

"खाला, औंदा आमचं वावर आधी घेतलं तं चालते का?"

खाला तांदूळ निवडत होती. "काऊन बेटा?"

मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि आत चाचाच्या बाजेकडे पाहिलं. चाचाला बोलता यायचं नाही, पण काही ठरवायचं असलं की ती त्याच्याकडे एकदा बघायची. मग म्हणाली, "चालते. चार दिवस मागं-पुढं, त्यात काय. तू जाय बुलडाण्याले. शमीमचं बी नाव होईन त्यात." मायला कळलं तेव्हा तिनं मला फडकं फेकून मारलं आणि ती खालाला समजावायला गेली. पण खालानं शब्द दिला होता, आणि तो ती मागे घेईना.

रविवार ते बुधवार आम्ही चौघींनी आमचं वावर वेचलं. पुढची खोली छतापर्यंत कापसानं भरली. अंगाला खाज सुटायची, जेवताना भातात तंतू यायचे, आणि मला मात्र सगळं गोड लागत होतं. गुरुवारी खालाचं वावर सुरू केलं. शुक्रवारी पहाटे मी आणि माय सरांबरोबर गाडीत बसलो. निघताना शमीमनं भिंतीवरून मला तिची नवी ओढणी दिली आणि म्हणाली, "शेवटचं वाक्य हळू म्हणजो. घाई करतं तू."

नांदुऱ्याला गाडी बदलली, मग घाट चढून बुलडाण्याला पोचलो. सभागृहाला पत्र्याचं छप्पर होतं. माझ्या आधी ज्या मुली बोलल्या त्या शहरातल्या होत्या, पायात पांढरे मोजे, इंग्रजी पाण्यासारखं. निवेदकानं माझ्या गावाचं नाव चुकीचं वाचलं आणि कुणीतरी खुसखुसलं. मी माइकपुढे गेले. सावडीचं पान माझ्या हातात होतं. पण त्या मोज्यांपुढे पराटी, फडकं, अर्धी भिंत आणि लकवा झालेला चाचा हे सगळं बोलायची मला लाज वाटली. सरांनी काही सांगितलेलं नव्हतं, कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. मी आपल्या मनानं ते पान खाली धरलं आणि मुंग्यांवर गेले. मुंग्या, मधमाश्या, एकीचे फायदे. शमीमचं वाक्य मी म्हटलंच नाही.

भाषण अर्ध्यावर आलं असताना पत्र्यावर गारा पडायला लागल्या. आधी एकदोन, मग इतक्या की मागच्या लोकांनी कानाला हात लावले. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात एकच विचार आला, की माझा आवाज परीक्षकांपर्यंत पोचणार नाही. मी आवाज चढवला. समोर तिसऱ्या रांगेत माय बसली होती. ती उठून खिडकीपाशी गेली आणि बाहेर उत्तरेकडे, आमच्या गावाच्या दिशेला बघत उभी राहिली. माझं भाषण संपेपर्यंत तिनं मान वळवली नाही. मला दुसरा नंबर मिळाला. बक्षीस म्हणून एक डिक्शनरी मिळाली. ती आजही माझ्या टेबलावर आहे.

परतीची गाडी नव्हती, म्हणून आम्ही सरांच्या बहिणीकडे मुक्काम केला आणि शनिवारी दुपारी गावात आलो. फाट्यावरूनच वावरं दिसत होती. खालाच्या वावरात पराट्या आडव्या झाल्या होत्या. कापूस बोंडातून लोंबून मातीत पडला होता. तिच्या अंगणात बाज, पोती, लुगडी, चाचाची गोधडीसुद्धा अंथरली होती आणि त्यांवर भिजलेला पिवळट कापूस पसरलेला होता. भिजलेल्या डागाळलेल्या कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात, आणि कवडीला बाजारात कुणी विचारत नाही. खालानं आम्हाला पाहिलं. मला वाटलं ती बोलेल. बोलली असती तर फार बरं झालं असतं. तिनं चुलीवर चहा ठेवला आणि विचारलं, "आली का बेटा नंबरात?"

मायनं त्या चहाला हात लावला नाही. ती आमच्या घरात गेली, पुढच्या खोलीतला कोरडा कापूस पोत्यात भरायला लागली आणि बाबांना म्हणाली, "हा अर्धा तिचा हाय." बाबा उंबऱ्यातून उठले. मग त्यांनीच पोतं उचललं आणि भिंतीवर ठेवलं. माझ्या बाबांबद्दल मी पुष्कळ वाईट बोलले आहे, म्हणून हेही लिहून ठेवते. पण पलीकडून खालानं ते पोतं पुन्हा आमच्या बाजूला ढकललं.

"सावड हातायची असते कमलबाई," ती मायला म्हणाली. "कापसाची नसते. हात द्यायचे असन तं उद्या या."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. चिखलात वाकून, मातीतला कापूस झटकून वेचायचा. एरवी वेचताना वाळल्या बोंडांचा कुरकुर आवाज येतो, त्या दिवशी कसलाच आवाज नव्हता. शमीम माझ्या बाजूच्या तासात होती. तिनं ओंजळीतल्या कापसाची माती झटकली. मग म्हणाली, "म्हणून दाखव ना भाषण. कसं म्हटलं थे."

मी म्हणून दाखवलं. जे बुलडाण्यात म्हटलं नाही ते सगळं मी त्या चिखलात म्हटलं. ओटा, पाच बाया, अर्धी भिंत. आणि शेवटी हळू, तिनं सांगितलं होतं तसं, टुडे युवर फील्ड, टुमारो माइन. म्हणताना मला रडू फुटलं. खालाला वाटलं मी कापसासाठी रडते आहे. ती म्हणाली, "जाऊ दे बेटा, आभाळापुढं कोणाचं चालते."

"हे वाक्य आवडलं का त्यायले?" शमीमनं विचारलं.

मी हो म्हटलं.

तिचा सगळा चेहरा उजळला. त्या सबंध आठवड्यात तेवढंच एक बरं तिच्या वाट्याला आलं होतं आणि तेही खोटं होतं. मला तेव्हाच सांगता आलं असतं. ती रागावली असती, चार दिवस बोलली नसती. पण मी घाबरट होते, आणि नंतर तर सांगायला वेळच उरला नाही. पंधरा दिवसांनी तिचे चुलते पुन्हा आले आणि खालानं होकार दिला. बारावीची परीक्षा महिन्यावर आली असताना शमीमचा निकाह झाला. निकाहाच्या जेवणात मी ताटं वाढली. जाताना तिनं सायकलची किल्ली मला दिली. "आता दोन्हीकडून तूच चालव," असं म्हणाली. ओढणी परत द्यायची माझ्याकडून राहूनच गेली.

पुढच्या वर्षी मी कॉलेजला खामगावात राहायला गेले आणि आमच्याकडेही मजुरणी यायला लागल्या. सावड संपली. चाचा गेला, मग काही वर्षांनी खाला गेली. भिंतीचा वरचा भाग खालाच्या पुतण्यानं विटांनी बांधून घेतला. त्या दोन-चार वर्षांत आमच्या पट्ट्यात घरोघरी काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मी वेगळं सांगत नाही. मी एवढंच सांगू शकते की माणसं एकेकटी झाली होती, आणि त्यात माझ्याही हातचा थोडा वाटा आहे.

मी इंग्रजी शिकवते. तो शब्द दर वर्षी पुस्तकात कुठेतरी येतोच. मी अर्थ सांगते, 'विथ' आणि 'इन' सांगते, माणूस आधी काम नंतर हेही सांगते, आणि उदाहरण म्हणून फळ्यावर मुंग्या लिहिते. इतक्या वर्षांत सावडीचं उदाहरण मी एकदाही दिलेलं नाही. आपल्याला त्याचा हक्क नाही असं वाटतं.

गेल्या जूनमध्ये शाळेच्या ऑफिसात एक बाई मुलीला घेऊन माझ्यापुढे येऊन उभी राहिली. अंगानं वाळलेली, कानापाशी केस पांढरे. "वळखलं का वं, मॅडम?" तिनं विचारलं. आवाजावरून ओळखलं. बुऱ्हाणपूरचे माग बंद पडल्यावर ती सगळी माणसं परत गावात आली होती, खालाच्या घरात. मुलगी निलोफर, नववीत घालायची होती. मी खुर्ची दिली, चहा मागवला, हात कुठे ठेवावेत ते मला कळेना.

शमीम मुलीला पुढे ओढून म्हणाली, "निलू, याच त्या. बुलडाण्याच्या स्टेजवर मायं वाक्य यायनं म्हटलं होतं." मग खुर्चीत ताठ बसून तिनं ते म्हटलं, एकेक शब्द सुटा करून, तेच चांगले उच्चार, "टुडे युवर फील्ड, टुमारो माइन."

मुलगी माझ्याकडे बघत होती. "सच्ची, मॅडम?" तिनं विचारलं. "अम्मी हमेशा बोलती. घर में सब हसते."

शमीमही माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत शंका नव्हती, नुसती वाट बघणं होतं. वीस वर्षं लोकांच्या हसण्यापुढे तिनं ते वाक्य जपलं होतं, माझ्या भरवशावर.

मी पुन्हा हो म्हटलं.

"पाह्य," शमीम मुलीला म्हणाली, "मी खोटं सांगतो का?" आणि तिनं प्रवेशाचा अर्ज माझ्यापुढे सरकवला.